पात्राच्या काठापर्यंत

बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी भन्ते सुमंगल मित आहारावर प्रवचन देत होते आणि त्यांच्या खालची खुर्ची मोडली.

प्लास्टिकची खुर्ची. चार पाय चार दिशांना गेले. "पोट कधीच पुरे म्हणत नाही, पुरे हाताने म्हणायचं असतं," हे वाक्य भन्तेंनी पूर्ण केलं आणि मगच ते खाली गेले. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक वाट्टेल ते सांगत सुटले. उठवायला चौघे लागले. भन्तेंचा चेहरा तेव्हाही शांत होता, माझा नव्हता. विहाराच्या समितीनेच हलकी खुर्ची आणली, असं मी तिथल्या तिथे मोठ्याने बोलले.

मी गोजराबाई. मूळची नागपूरची. नवरा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मुलाकडे आले, बंगळुरूला, कोरमंगल्यात. मुलगा विराट घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. सून स्मृती ऑफिसला जाते. दोघंही गुणी आहेत, वाईट बोलायला जागा नाही. पण दोघंही जेवत नाहीत. स्मृती सकाळी एका बाटलीत कसलीशी पावडर घालते, खळखळ हलवते आणि पिऊन निघते. विराटचं तर घड्याळाचं व्रत आहे. रात्री आठला तोंड बंद, ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उघडायचं. सोळा तास उपास. त्याला इंग्रजी नाव आहे, म्हणून तो उपास वाटत नाही एवढंच. सकाळी मी पोहे केले की तो वास घेतो, "मस्त!" म्हणतो आणि पाणी पितो. रात्री आठपर्यंत त्याच्या मीटिंगाच संपत नाहीत.

ज्या बाईने चाळीस वर्षं बारा माणसांचा स्वयंपाक केला तिला हे कसं सोसावं? पहिले सहा महिने मी भाजी करायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची, मग तीच काढून मी खायची. मला सांगायला लाज नाही, एकदा भरल्या वांग्यांपुढे बसून मी रडले होते.

मग मला इंदिरानगरमागचा विहार सापडला. एका घराच्या पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. तिथे भन्ते सुमंगल राहतात. तेही आमच्याच बाजूचे, भंडाऱ्याचे. भिक्खूंचा नियम असा की दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेही दुपारी बाराच्या आत. काही मागायचं नाही. कुणी हाताने पात्रात घालेल ते खायचं. अन्न काठापर्यंतच घ्यायचं, वर शीग लावू द्यायची नाही. आणि घेतलेलं टाकायचं नाही.

म्हणजे बघा, जो मागत नाही, नावं ठेवत नाही आणि टाकत नाही असा जेवणारा. मला आणखी काय पाहिजे होतं?

भोजनदानाच्या पाळ्या होत्या, रोज एक कुटुंब. पण पाळी कुणाचीही असो, मी रोज साडेनऊला डबा घेऊन निघायची, भन्तेंचा शेवटचा घास होईपर्यंत समोर उभी राहायची, मग भांडी घासून दोनला घरी. आणि भन्तेंचं पात्रही मीच दिलेलं. यशवंतपूरला खंडोजी म्हणून एक भांडी घडवणारे आहेत, त्यांच्याकडून खास करून घेतलं होतं. हॉटेलच्या पातेल्याला वापरतात तो जाड स्टीलचा पत्रा. मी त्यांना म्हटलं होतं, "अण्णा, कंजुषी नको." त्यांनी केली नाही. त्यात चार माणसांचा भात मावतो.

आता काठापर्यंतच घ्यायचं हा नियम पाळूनही खुर्ची का मोडली, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

आमच्या समितीचे अध्यक्ष डॉक्टर सूर्यकांत. त्यांनी त्याच संध्याकाळी घरून वजनकाटा आणला. भन्ते वर उभे राहिले, खाली पाहिलं, पण आकडा काही त्यांना दिसेना, मध्ये पोट होतं. डॉक्टरांनीच वाकून वाचला. एकशे चार.

"गुडघे जाणार, भन्तेजी," डॉक्टर म्हणाले. "साखर काठावर आहे. उद्यापासून ओट्स, काकडी, नाचणी. मंडळी, पात्र अर्धंच भरायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भन्ते म्हणाले, "जे येईल ते." त्यांचं आपलं हेच.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. पहिली पाळी डॉक्टरांच्याच घरची. त्यांच्या बायकोने पात्रात ओट्स घातले. अर्ध्यावर आल्यावर तिचा हात थांबला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आपल्या पाळीला पात्र अर्धं? लोक काय म्हणतील? तिने पुन्हा डाव उचलला आणि ओट्स काठापर्यंत आणले. दुसऱ्या दिवशीच्या घराने नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेले गोळे, आणले, ठरलेले दोन, पण दोन मुद्दे त्या पात्रात फार एकटे दिसत होते म्हणून सात घातले. तिसऱ्याने काकडी आणली, अडीच किलो.

आणि मी? मी सगळ्यांच्या आधी पोचायची. पात्राच्या तळाशी तूप लावलेल्या दोन पुरणपोळ्या, त्यावर पाटवड्या, आणि वरून पाळीवाल्यांची काकडी येऊन सगळं झाकायची. माणूस आजारी आहे म्हणून त्याला ओल्या लापशीवर जगवायचं? ओट्स म्हणे! आमच्याकडे असलं म्हशीला घालतात. भन्ते काकडी संपवत खाली पोचायचे, पुरणपोळी दिसली की क्षणभर थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि खायचे. मला वाटायचं, मनातून खूश आहेत.

महिन्याने, पुढच्या पौर्णिमेला डॉक्टर पुन्हा काट्यापुढे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"एकशे साडेपाच," ते शेवटी म्हणाले. "ओट्स खाऊन वजन वाढलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

मी छताकडे बघत होते.

मग त्यांनी वर्षावासाचा विषय काढला. आषाढी पौर्णिमेपासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. तीन महिने एकाच विहारात राहायचं, बाहेर मुक्काम करायचा नाही. "भन्तेजींना आता या बावीस पायऱ्या झेपत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "काल मधे दोनदा बसले. मी भंडाऱ्याला पत्र टाकलंय, तिथला विहार तळमजल्यावर आहे. आषाढीला वजन शंभराच्या आत आलं तर इथे राहतील. नाहीतर वर्षावास तिकडे, आणि पुढचंही तिकडेच."

भन्ते म्हणाले, "भिक्खूला काय. पात्र तिथे घर."

मला मात्र रडू आलं. मी नाकाला पदर लावला आणि शिंक आल्यासारखं केलं. पुन्हा ते फ्रीज, पुन्हा ती वांगी. आणि हे सगळं मी माझ्या हाताने केलेलं, तेही साजूक तुपात. त्या दिवसापासून पुरणपोळी बंद केली. पण पाळीवाल्यांचे हात कोण बंद करणार? पात्र काठापर्यंत भरतच होतं.

समितीत कुणीतरी म्हणालं, "लहान पात्रच देऊ या की! काठ जवळ आला म्हणजे प्रश्न मिटला."

सगळ्यांना पटलं. पण भन्तेंनी मान हलवली. "जुनं पात्र पाच ठिकाणी सांधलेलं असेल तरच भिक्खूने नवं मागावं, असा नियम आहे. माझं पात्र धडधाकट आहे."

"तुम्ही कुठे मागताय? आम्ही देतोय."

"माझ्यादेखत ठरवून देताय. मी गप्प बसून घेतलं तर ते मागितल्यासारखंच." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फार मजबूत पात्र दिलंय गोजराबाईंनी. एक पोचासुद्धा नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जणू मजबूत भांडं देणं हा गुन्हाच.

मी मनाशी ठरवलं, की पाच सांधे पाहिजेत ना? देते. ज्या हाताने दिलं त्याच हाताने फोडते. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी म्हटलं, "भन्तेजी, पात्र काळवंडलंय, घरून चिंचेने घासून आणते." भिक्खूच्या पात्राबद्दल खोटं बोलले, पाप लागलं असेल तर लागो.

घरी येऊन ते आधी पाट्यावर आपटलं. पाट्याचा टवका गेला. मग तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर जाऊन खाली कुणी नाही बघून सोडलं. पात्र खालच्या बाईंच्या तुळशीच्या कुंडीवर पडलं. कुंडीचे सात तुकडे झाले, पात्र नुसतं देवळातल्या घंटेसारखं वाजलं आणि वाजतच राहिलं. मी कुंडी भरून देईन म्हणून खालच्या बाईंना कबूल केलं.

मग कोपऱ्यावरचा ऑटोवाला गाठला. पात्र रस्त्यात ठेवलं आणि त्याला हातवारे करून सांगितलं की यावरून ने. त्याने कानडीत काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण मला वेड लागलंय का हेच विचारत होता. मी म्हटलं, "स्वल्प. स्वल्पच ने." स्वल्प म्हणजे थोडंसं, मला कानडी तेवढंच येतं. त्याने खांदे उडवले आणि ऑटो पुढे घेतली. चाक पात्रावर चढायच्या ऐवजी पात्र चाकाखालून सटकलं आणि उताराला लागलं. पुढे पात्र, मागे एक कुत्रं, त्यामागे मी, माझ्यामागे ऑटोवाला. चहाच्या गाडीपाशी त्यानेच ते पकडलं.

"यारदु?" त्याने पात्राकडे बोट करून विचारलं. कोणाचं, असंच असणार.

"स्वामीजींचं," मी धापा टाकत म्हटलं.

"स्वामीगळ पात्रे!" त्याने जीभ चावली, पात्र आपल्या शर्टाने पुसलं, कपाळाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. पुन्हा वरून ऑटो नेणं तर सोडाच, त्याने मला भांडं दोन्ही हातांनी धरायला लावलं. पोचा आला नव्हता.

आता एकच माणूस उरला होता. ज्याने घडवलं तोच मोडू शकेल. मी मेट्रोने यशवंतपूर गाठलं.

खंडोजीअण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं म्हणे, अजून घरात मराठी बोलतात. फक्त मधूनमधून कानडी डोकावतं. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, आत ठिणग्या उडतायत. मी पात्र समोर ठेवलं आणि सांगितलं, "अण्णा, याला पाच भोकं पाडा आणि परत सांधा."

त्यांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. पात्र उचललं, फिरवलं, बोटाच्या गाठीने वाजवलं.

"आय्यो, अक्का! हे तर माझ्या हातचं आहे. ह्याला काय झालंय?"

"काही झालं नाही. तेच तर!"

"मग मी कशाला फोडू? माझ्या हातानं घडविलेलं भांडं मी फोडायचं? माझा बाप वरतून मला चपलेनं मारील, बघा. साध्य नाही. होत नाही."

मी खाली बसले आणि रडत सगळं सांगितलं. खुर्ची, ओट्स, पुरणपोळ्या, पाच सांधे, भंडारा. ते कॉफी मागवून शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "स्वल्प थांबा, अक्का. मला समजवून सांगा. तुम्हास्नी भांडं फुटलेलं पाहिजे की लहान पाहिजे?"

"लहान."

"मग लहान करू की! फोडायचं कशाला?"

मी तोंडाचा आ केला. आमच्या समितीत दोन इंजिनिअर आहेत, एक डॉक्टर आहे, एक बँकेतले आहेत. कुणालाही हे सुचलं नव्हतं.

खंडोजींनी जाड पत्र्याची एक गोल चकती कापली, पात्राच्या आत बरोबर मध्यावर बसवली आणि सगळीकडून सांधून घासून गुळगुळीत केली. बाहेरून पात्र तेच. आतून तळ अर्ध्यावर आलेला. "जड झालं बघा स्वल्प," ते म्हणाले, "पण आता हत्ती आला तरी मोडायचं नाही. सरी?"

"सरी," मीही म्हटलं, ठीक अशा अर्थाने. येताना मेट्रोत ते मांडीवर घेऊन बसले होते. दुपारची झोप गेली, कंबर गेली, पण जीव हलका झाला होता.

दुसऱ्या दिवशी पाळी होती एका नव्या जोडप्याची. त्यांनी आमटीभात काठापर्यंत घातला, समाधानाने हात जोडले आणि निघून गेले. सात-आठ डाव भात, संपलं. मी माझ्या डब्यातली एक पाटवडी वर ठेवायला गेले तर भन्तेंनी पात्रावर तळहात आडवा धरला. अडीच वर्षांत त्यांनी माझ्यापुढे हात आडवा धरला नव्हता.

त्यांनी पात्र दोन्ही हातांनी तोललं. आत पाहिलं. बाहेरून पाहिलं.

"गोजराबाई, चिंचेने घासल्यावर भांडं आतून अर्धं होतं का?"

मी सगळं कबूल केलं. पाटा, कुंडी, ऑटो, खंडोजी. आणि लगे हात पुरणपोळ्याही.

"पुरणपोळ्या मला माहीत होत्या," भन्ते म्हणाले. "मीच खाल्ल्या ना."

"मग हात आडवा का नाही धरलात? प्रवचनात तर सांगता, पुरे हाताने म्हणायचं म्हणून!" मला रागच आला. चूक माझी होती, पण राग आला.

त्यांनी पात्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही शेवटच्या घासापर्यंत समोर उभ्या असता. पहिल्या घासाला तुमचा जो चेहरा होतो, तो बघून माझा हात उठत नव्हता. चूक माझीच. एका बाईच्या समाधानापायी माझे गुडघे गेले आणि मी त्याला करुणा म्हणत बसलो." मग माझ्या डब्याकडे बोट करून म्हणाले, "हा डबा एका माणसाचा नाही. पाच माणसांचा आहे. उरलेला घरी न्या."

"घरी कोण खातंय?" मी ओरडलेच. विहारात ओरडू नये, पण ओरडले. "सून पावडर पिते. मुलगा बारा वाजेपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही घालत नाही!"

"आणि बारानंतर?"

मी हातातल्या डब्याकडे पाहिलं.

बारानंतर मी घरी कधी असतेच कुठे? बारापर्यंत भन्तेंपुढे उभी, मग भांडी, मग दोनला घर. भन्तेंचं जेवण बाराला बंद होतं आणि विराटचं बाराला उघडतं. अडीच वर्षं मी बरोबर त्याच्या जेवणाच्या वेळेला दुसऱ्याला वाढायला जात होते आणि वर मुलगा जेवत नाही म्हणून गावभर सांगत होते. इतकी साधी गोष्ट! मला स्वतःचीच लाज वाटली.

"अकरा वाजलेत," भन्ते म्हणाले. "भांडी आज मी घासतो. खाली उकिडवं बसता आलं तर."

मी ऑटोने घरी आले. दार उघडलं तेव्हा बाराला पाच कमी होते. विराट सोफ्यावर बसून फोनवर बोट फिरवत होता, चित्रातल्या बिर्याण्या खालीवर करत. मला बघून दचकला. "आई? तू एवढ्या लवकर? बरं नाही का?"

मी डबा उघडला, पाटवड्यांचा रस्सा गरम केला, तर्री वर येऊ दिली. त्याने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजले. तो उठून आला आणि ताटापुढे बसला.

पाच पोळ्या खाल्ल्या त्याने. रस्सा तीनदा मागून घेतला. मागून! भन्तेंना मागायची बंदी, त्यामुळे "आई, अजून वाढ" हे शब्द मी किती वर्षांनी ऐकले कोण जाणे. "रोज असं असतं तुझ्या डब्यात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "रोज." "आणि मी रोज ती बाहेरून मागवलेली, थर्माकोलसारखी इडली खात होतो?" मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि तिथे जरा वेळ उभी राहिले.

आषाढी पौर्णिमेला सगळी मंडळी विहारात जमली. त्या दिवशी विराट आणि स्मृतीही आले होते, डबा विराटच्या हातात. भन्ते काट्यावर उभे राहिले. डॉक्टर वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एकशे एक," ते म्हणाले. "फार थोडक्यात हुकलं."

भंडाऱ्याचं तिकीट कुणी काढायचं, असं मागे कुणीतरी कुजबुजलं. मी भन्तेंकडे बघत होते, आणि बघता बघता मला त्यांच्या चीवराखालचा फुगवटा दिसला.

"थांबा!" मी किंचाळले. "भन्तेजी, खांद्याला काय आहे?"

भन्तेंनी चीवर बाजूला केलं. झोळीत पात्र होतं. खंडोजींच्या दुहेरी तळाचं. भिक्खू पात्र जवळच ठेवतो, त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी झोळी काढून घेतली, माझा खांदा खाली गेला. डॉक्टर पुन्हा वाकले.

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा!"

साधू, साधू, साधू असा गजर झाला. डॉक्टरांच्या बायकोने मला मिठी मारली. भन्तेंनी मान खाली घालून काट्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "अरे, आकडा दिसतो की."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण डॉक्टरांना उत्साह आला. "विराट, तूही ये, तुम्ही तरुण मंडळी एवढे उपास करता, बघू तर खरं." विराट हसत हसत चढला. आकडा बघून हसायचा थांबला. महिन्यात सहा किलो वाढला होता.

भन्तेंचे सात किलो उतरले होते. त्यातला एक कुठे गेला त्याचा पत्ता लागला नाही, बाकीचे सापडले.

संध्याकाळी घरी परतताना ऑटोत स्मृती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आई, त्या खंडोजींचा नंबर द्या ना."

"कशाला गं?"

"विराटचं ताट न्यायचंय त्यांच्याकडे."

मी नंबर दिला नाही.